सातवा इसम

रेकॉर्ड रूमची किल्ली माझ्याकडं असते, एकोणीस वर्षं झाली.
कपाट तिसरं, खालचा खण:
तगाई, ताडीचे लिलाव, आणि दोघांच्या मधे कोंबलेलं
‘भिल्ल, संकीर्ण’.
तिथं कधीमधी साप निघतो. बाकी कुणी येत नाही.

डॉक्टर शेवंता वळवी आल्या त्या मे महिन्यात.
पांझरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.
त्यांनी हातमोजे मागितले. आमच्याकडं कुठले.
मग नळावर जाऊन कपड्याच्या साबणानं
कोपरापर्यंत हात धुतले,
सुईण धुते तसे.

काचा निघाल्या चोपन्न,
कापसाच्या जुन्या भावांत गुंडाळलेल्या.
मी म्हटलं, ताई, हाई काच फुटनी ते मनी नोकरी जाई.
त्या म्हणाल्या, बोरसे दादा, छत्री आहे का तुमच्याकडं?
काळी?

काचेमागं छत्री उघडून धरली
आणि भुतासारखी उलटी दिसणारी माणसं
माणसांसारखी दिसू लागली.
अकरा जण. एका ओळीत.
शेजारी रोवलेली मापाची काठी.
सातव्याला चेहरा नाही,
मानेवर नुसता धूर.

वहीत साहेबाच्या हाताखालच्या कुणी मोडीत लिहिलंय:
काच त्रेचाळीस. भिल्ल, अकरा. खराब.
सातवा इसम हलला.

त्या तीन दिवस त्याच काचेपाशी.
चेहऱ्यांकडं कमी, खाली मातीकडं जास्त.
ही तीन पायांची सावली कॅमेऱ्याची, दादा.
आणि ही एकपायी, टोकाला बारीक होत गेलेली?
मी म्हटलं, झाड.
त्या म्हणाल्या, संगीन.
आठ अंक मोजेपर्यंत पापणी हलवायची नाही,
असं सांगितलं असेल. कुठल्या भाषेत, कोण जाणे.
मी घरी जाऊन आरशासमोर आठ मोजले.
पाचावर मान गेली.

पुस्तकवाल्यांना हाच फोटो मुखपृष्ठावर हवा होता.
खिडकीत उभं राहून त्या फोनवर म्हणाल्या, आधी विचारावं लागेल.
कुणाला, असं पलीकडून आलं असावं,
कारण त्यांनी फोन ठेवला
आणि मला म्हणाल्या, रजा आहे का शिल्लक?

धडगावच्या पुढं जीप संपते, तिथून पाय.
अंगणात, मोहाच्या सावलीत, खाटेवर कागद पसरला.
ठुमलीबाईंनी अकराही जणांवरून बोट फिरवलं,
भाकरी भाजली का बघावं तसं, हलक्यानं.
नाव एकाचंही सांगितलं नाही.
मागचा डोंगर तेवढा ओळखला.
झाडी होती तेव्हा, म्हणाल्या.
मग विचारलं,
फोटो काढून झाल्यावर घरी सोडलं का यांना?

डॉक्टरीण वळवी, चार परदेशी विद्यापीठांत बोलून आलेल्या,
चपलेचा बंद उगाच सोडून पुन्हा बांधत बसल्या.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत
मी कळण्याची भाकरी एका हातात धरून शोधतो.
तुरुंगाचं आवक-बुक नाही.
शिक्षेचं रजिस्टर नाही.
वर लिहून विचारलं, उत्तर आलं: उपलब्ध नाही,
खाली सही माझ्याच साहेबाची.

काल भटारखान्याचं बाड सापडलं.
मिठाचा, मिरचीचा, सरपणाचा हिशेब.
काच त्रेचाळीसच्याच आठवड्यात, एका कोपऱ्यात:
डोंगराकडील कैदी, भाकरी माणशी दोन. बावीस.
दुसऱ्या दिवशी बावीस.
तिसऱ्या दिवशी वीस.
का, ते लिहिलेलं नाही. हिशेब चोख आहे.

लगेच फोन लावला. आवाज माझाच बसलेला.
म्हटलं, ताई, एक जण कमी आहे. तोच असेल का?
हलला असेल का?
पलीकडं कुठल्याशा शहरात पाऊस वाजत होता.
बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या,
पुढचं पान वाचा.
म्हटलं, पुढचं वाळवीनं खाल्लंय,
नुसती जाळी उरलीय.
म्हणाल्या, तरी वाचा.